घोड्याची टोपी, टांगेवाल्याचे दात

आमच्या गावात टांगा हाकायचा परवाना हवा असेल तर आधी दात मोजून घ्यावे लागत. घोड्याचे नव्हे, टांगेवाल्याचे. मोजायचे वानखडे साहेब, म्युनिसिपालटीचे टांगा-इन्स्पेक्टर. गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, एवढंच सांगतो. नाव सांगत नाही. माझा परवाना तिथलाच आहे आणि त्याच्यावर मी दोन वेळा जेवतो, उगाच कशाला?

झालं होतं असं. नवं राज्य नुकतंच झालेलं. जुने इंग्रजी पोटनियम मराठीत आले आणि त्यांचा छापील फॉर्म आला. फॉर्मवर दोन रकाने, एक ‘जनावर’ आणि एक ‘हाकणारा’. छापणाऱ्यानं मथळे उलटे बसवले. त्यामुळे ‘हाकणारा’ याखाली आलं: दात पाहून वय ठरवावे, खूर फुटलेले नसावेत, मागून जवळ गेल्यास लाथ मारू नये. आणि ‘जनावर’ याखाली: निर्व्यसनी असावे, डोक्यास स्वच्छ टोपी असावी, उतारूंशी अदबीने बोलावे, जादा भाडे मागू नये.

दुसरा कोणी असता तर हसला असता आणि टाकानं दोन शब्द खोडून मोकळा झाला असता. वानखडे साहेब हसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी वर दुरुस्तीसाठी पत्र लिहिलं. ‘पत्र मिळाले’ असं उत्तर आलं. मग दुरुस्ती येईपर्यंत छापलं ते छापलं. कोणी वाद घातला की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, “मी काय करू बाप्पा? कागद बोलते, मी नाही.”

मी तिकडे आलो कऱ्हाडाकडून, रस्त्याच्या कामावर. चौथीतून शाळा सोडलेली. काम संपलं, मुकादम मुक्काम हलवून गेला, मी मागे राहिलो. गावाकडे थोरला भाऊ होता. परत येऊ नको असं तो म्हणाला नव्हता, पण मी निघालो त्याच दिवशी माझी गोधडी त्यानं बैलाच्या पाठीवर टाकली होती. शेख चाचा नावाच्या म्हाताऱ्या टांगेवाल्यानं मला जवळ केलं, लगाम धरायला शिकवलं. चार वर्षांनी ते अकोल्याला मुलाकडे राहायला निघाले तेव्हा टांगा आणि घोडा माझ्या हवाली करून गेले. घोड्याचं नाव नवाब. परवाना मात्र चाचांच्या नावावर, आणि तो महिनाअखेर संपायचा होता. त्याआधी माझ्या नावावर झाला नाही तर नवाब बाजारात आणि मी रस्त्यावर.

म्हणून मी म्युनिसिपालटीत गेलो. स्टँडवर सगळे वानखडे साहेबांना ‘दाते साहेब’ म्हणत. कचेरीची पायरी मी कधी चढलो नव्हतो, मला वाटलं तेच आडनाव.

“दाते साहेब, नमस्कार.”

खिडकीतल्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. मागे हेडक्लार्कला खोकल्याची उबळ आली.

“कोठचा बे तू?”

“कऱ्हाडकडचा, साहेब.”

“तरीच. आ कर.”

“इथंच, साहेब?”

“आ कर म्हणतो ना! दात पाह्यचे हायेत.”

मी आ केला. त्यांनी पेन्सिलीनं एकेक दात टोचत मोजला. “अठ्ठावीस. अकलदाढ नाही. वय कच्चं.”

“साहेब, पंचवीस पुरी झाली मला.”

“तू म्हणतं. दात तसं म्हणत नाहीत. पाय दाखव.”

मी खुर्चीला धरून पाय मागे उचलला, नालबंदापुढे घोडा उचलतो तसा. त्यांनी टाच बघितली. “खूर फुटले. एरंडीचं तेल लाव, आठ दिसांनी ये.” मग ते उठून माझ्या मागून हळूहळू जवळ आले. मी घाबरून अंग चोरलं. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, ‘लाथ मारत नाही.’

आठ दिवसांनी नवाबाची तपासणी. गावातल्या सगळ्या घोड्यांच्या डोक्यावर टोप्या असायच्या. कानांना दोन भोकं पाडायची, हनुवटीखाली नाडी बांधायची. परगावचा माणूस मोटारीतून उतरला की टांग्यांच्या रांगेकडे बघतच राहायचा. टोपी स्वच्छ हवी, म्हणून माझी स्वतःची मळकी आणि नवाबाची खळ घातलेली. साहेब टांग्यात बसले आणि घोड्याकडे बघून म्हणाले, “कचेरीपर्यंत काय घेशील?”

नवाब गप्प. साहेबांनी लिहिलं, ‘जादा भाडे मागितले नाही. उद्धट उत्तर दिले नाही.’

“व्यसन?”

मला खोटं बोलायची भीती वाटते. म्हणालो, “स्टँडवर उतारू चहा अर्धा टाकतात, तो पितो साहेब. बशीतून.”

साहेब विचारात पडले. शेवटी लिहिलं, ‘चहा, माफक.’

तुम्ही म्हणाल, गरिबांना छळण्यापुरता असेल हा कायदा. आमचीही तीच समजूत होती. मग पुढच्या वर्षी म्युनिसिपालटीच्या अध्यक्षांच्या मेहुण्यानं एक जुनी मोटार आणली आणि मोताळ्याच्या बाजाराला भाड्यानं माणसं वाहू लागला. आत नऊ बसायचे, दोघं पायरीवर. साहेबांनी ती भर स्टँडात अडवली.

मेहुणा म्हणाला, “मोटारले कायचा टांग्याचा परवाना?”

“भाडं घेऊन सवारी नेते ना तुम्ही? मग आ करा.”

“अहो, मी कोन हाय माहीत हाय का तुम्हाले?”

“तेच पाहून राह्यलो. आ करा.”

शंभर माणसं जमली होती. मेहुण्यानं आ केला. साहेबांनी मोजून मोठ्यानं वाचलं, “बत्तीस. पैकी दोन सोन्याचे.” मग मोटारीच्या नाकाडावर नजर टाकून लिहिलं, ‘जनावराच्या डोक्यावर टोपी नाही.’ दुसऱ्या दिवशी मोटार आली ती पुढं पांढरी टोपी बांधून. महिनाभर गाव हसलं. अध्यक्षांनी साहेबांना बोलावून लेखी ताकीद दिली. साहेबांनी तिच्यावर आवक क्रमांक टाकला आणि फायलीत लावली. “छान अक्षर हाय अध्यक्षाचं,” एवढंच म्हणाले.

तर माझे दात झाले, टाचा झाल्या, घोडा सभ्य ठरला. आता फॉर्मची मागची बाजू. ती मात्र दुर्दैवानं बरोबर छापली होती. हाकणाऱ्याला दोन जामीनदार हवेत, गावातले, स्वतःच्या घराची घरपट्टी भरणारे. एक मिळाले, नालबंद गफूरमियाँ. अंगठा उठवता उठवता म्हणाले, “घोडे की जमानत मांगते तो पूरा गाँव देता, बेटा. तेरी मांगते ना, वही मुश्कील है.”

खरंच होतं. ज्यांची पोरं मी चाचांबरोबर चार वर्षं शाळेत पोचवली ते म्हणाले, मानूस चांगला हाय तू, पण परगावचा. किराणावाल्यानं घरी विचारतो म्हणून सांगितलं आणि मग मला बघितलं की तो पोत्यामागे वाकायचा. मी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. दोनच दिवस उरले होते.

“साहेब, एकावर नाही का चालणार?”

“दोन छापलं हाय.”

“मग तुम्हीच... तुमचं घर आहे गावात.”

चष्मा कपाळावर गेला. “इन्स्पेक्टरले जामीन राह्यता येत नाही. कलम सोळा. पुन्हा म्हणशील तर अर्ज फेटाळीन.”

मी पाया पडून निघालो. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथं लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर साहेबांची खुर्ची रिकामी. हेडक्लार्क खिडकीत बसलेले. “साहेब रजेवर हायेत,” ते म्हणाले, आणि त्यांचा त्यांनाच विश्वास बसत नव्हता. मी तरीही रांगेत उभा राहिलो, कशासाठी ते माहीत नव्हतं. इतक्यात मागे कोणीतरी खाकरलं. वानखडे साहेब! कोट नाही, बिल्ला नाही. धोतर, सदरा आणि हातात घरपट्टीची पावती.

हेडक्लार्क उभे राहिले. “साहेब, आत या ना! रांगेत काऊन उभे?”

“कोन साहेब? मी आज घरपट्टीवाला हावो. बसा खाली.” मग माझ्याकडे वळून, जन्मात पहिल्यांदा बघितल्यासारखं, “तुले जामीन पाह्यजे म्हणते. फॉर्म दे इकडं.”

सही केली, पावती दाखवली आणि निघून गेले. मी काही बोलायच्या आत फाटकाबाहेर.

शेवटच्या दिवशी ते परत खुर्चीत, कोट-बिल्ल्यासकट. माझा फॉर्म उलटला आणि भुवया चढल्या.

“हा जामीनदार नंबर दोन, वानखडे. कसा मानूस हाय?”

मी घाईघाईनं म्हणालो, “चांगला आहे, साहेब.”

“सारेच चांगले राह्यतात. घरी कोन कोन हाय त्याच्या?”

चार वर्षं मी त्या गावात होतो. त्यांचे नियम मला पाठ होते. घरी कोण असतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

“कोनी नाही,” त्यांनीच सांगितलं आणि टिपकागद फिरवला. “पर घरपट्टी वेळेवर भरते. आन् हे काय? अर्जदाराशी नातं, हा रकाना कोरा?”

“नातं काही नाही, साहेब.”

“कोरा ठेवता येत नाही.” त्यांनी टाक बुडवला, हाताच्या आडोशानं काहीतरी लिहिलं, दोन ठिकाणी शिक्का मारला आणि परवाना नि फॉर्मची नक्कल खिडकीतून सरकवली. “नीघ.”

बाहेर नवाबाच्या गळ्याला टेकून मी अक्षरं जुळवत वाचलं. नातं: पुतण्या.

मला आनंद व्हायला हवा होता. मला भीतीच वाटली. खोटी नोंद! उद्या कोणी पकडली म्हणजे? तसाच पळत खिडकीशी गेलो.

“साहेब, इथं चूक झाली. मी तुमचा पुतण्या नाही.”

त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्याच फायलीत बघत म्हणाले, “घोडा सोडला का संध्याकाळी जेवाले येत जाय. पीठ दोघांच्या मापानं घ्यायची सवय हाय, सुटत नाही. रोज एक भाकर उरते.” आणि मोठ्यानं ओरडले, “चला, पुढचा कोन?”

माझ्या मागे कोणीच नव्हतं.