मयताचं बीपी

"मयताला संवाद नसतात," दिग्दर्शक म्हणाले, "म्हणून तर ही भूमिका तुम्हाला दिलीय. मयतानं बोलायचं नसतं, हलायचं नसतं आणि मधेच उठून कुठं जायचं तर नसतंच नसतं. जमेल ना एवढं?"

मीटरवाल्यांनी जमेल म्हणून मान हलवली. त्यांची नोकरी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात. घरोघर फिरून मीटरवरचे आकडे टिपून आणायचे, म्हणून हौशी नाट्यमंडळात त्यांना सगळे मीटरवाले म्हणत. आवाज असा की मागच्या भिंतीला ऐकू जावा. वकील, कर्नल, हेडमास्तर असल्या भारदस्त भूमिका वर्षानुवर्षं त्यांच्याच घरच्या समजल्या जायच्या. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोठ्या आतड्यानं बंड पुकारलं. अल्सरेटिव्ह कोलायटिस असं त्या दुखण्याचं नाव, तेही भारदस्तच. अर्थ एवढाच की आतड्याला आतून सूज आणि जखमा, आणि पोटाचं बोलावणं आलं की असाल तिथून, असाल तसे पळा.

हे बोलावणं एकदा ऐन प्रयोगात आलं. मीटरवाले वकील होते आणि साक्षीदार पिंजऱ्यात उभा होता. "खुनाच्या रात्री तुम्ही कुठं होतात?" असा सवाल त्यांनी गरजून टाकला आणि उत्तराची वाट न बघता वकीलसाहेब स्वतःच निघून गेले. साक्षीदार बराच वेळ ताटकळला. शेवटी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडून दिलं. नाटकातला खुनी तोच होता. त्या दिवसापासून मीटरवाल्यांची रवानगी तिकीटखिडकीत झाली. खिडकीतून त्यांना आतल्या टाळ्या ऐकू यायच्या आणि तेव्हा पोटापेक्षा काळीज जास्त दुखायचं. आता हे मयत म्हणजे त्यांची शेवटची संधी होती. यावेळी उठलात तर पुढच्या वर्षी पडदा ओढायलासुद्धा घेणार नाही, असं दिग्दर्शकांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं.

आणि नेमका प्रयोगाच्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला.

"ते चोवीस तासांचं बीपीचं मशीन आज मोकळं झालंय. येताय का? आज नाही तर मग दोन महिन्यांनी."

या मशीनचा घोर गेले कित्येक दिवस घराला लागला होता. आतड्याच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "दिवसा तुमचं बीपी ठीक दिसतंय. पण माणूस झोपला की ते खाली यायला पाहिजे. आतड्याला असा दाह असलेल्या काहीजणांचं रात्री हवं तेवढं खाली येत नाही. तुमचं रात्री काय होतं ते बघितल्याशिवाय मी गोळ्यांचं ठरवणार नाही." मीटरवाल्यांनी हे ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांच्या बायकोनं ऐकलं आणि धरून ठेवलं.

"नाटक गेलं खड्ड्यात," ती म्हणाली. "आधी मशीन."

"दोन्ही होईल."

"कसं होईल? हाताला पट्टा बांधून नाटक करणार?"

"अगं, ते फुगलं की हात हलवायचा नसतो, एवढीच त्याची अट आहे. आणि मी काय करणार आहे? मेलेला पडणार आहे. मशीनला माझ्यापेक्षा चांगला माणूस मिळेल का?"

मीटरवाले तडक दवाखान्यात गेले. दवाखान्यातल्या मुलीनं त्यांच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला, त्याची नळी सदऱ्याच्या आतून कमरेच्या डबीला जोडली आणि समजावलं, "दिवसा दर अर्ध्या तासानं फुगेल, रात्री तासानं. तेव्हा हात ढिला सोडायचा. दाब पडला किंवा हललात तर दोन मिनिटांनी ते परत फुगणार. बाकी रोजचं जे असेल ते सगळं करा."

आज आपल्याला मरायचंय हे तिला सांगावं की नाही, असा विचार करत मीटरवाले घरी आले.

नाट्यमंडळात त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दिग्दर्शकांनी तिथल्या तिथं दुसरा मयत उभा केला असता. मयताला काय, कुणीही चालतं. वरून ढगळ कोट चढवला, दुपारपासून पोटात पाण्याशिवाय काही घेतलं नाही, दोनदा मोकळे होऊन आले आणि पडदा वर जायच्या आधी रंगमंचाच्या मधोमध असलेल्या कोचावर जाऊन पडले. डावा हात बाहेर लोंबता, खाली विषाचा पेला. बायको पहिल्या रांगेत बसली होती. ती नाटक बघायला आली नव्हती, नवऱ्याकडे बघायला आली होती.

पडदा वर गेला आणि मयताची पत्नी धावत आली. ही भूमिका शाळेतल्या ड्रिलच्या बाईंकडे होती. तालमीत त्या लांबच्या खुर्चीत बसून रुमालानं डोळे पुसायच्या. पण आज हाऊसफुल्ल प्रेक्षक बघून त्यांना भरून आलं आणि त्यांनी सगळं अंग मीटरवाल्यांच्या डाव्या दंडावर झोकून दिलं. त्याच क्षणी मशीन सुरू झालं.

"गुर्रर्र..."

बाईंचा हुंदका अर्ध्यात राहिला. दंड त्यांच्या गालाखाली फुगत चालला होता. दाब पडल्यामुळे मशीनला आकडा मिळेना. ते सुस्कारा टाकून बसलं आणि दोन मिनिटांनी पुन्हा घुरघुरायला लागलं. बाई घाबरून आणखी जोरात रडू लागल्या आणि जितक्या रडल्या तितक्या दंडावर रेलल्या. त्यामुळे मशीन पुन्हा फुकट गेलं आणि पुन्हा सुरू झालं.

तेवढ्यात इन्स्पेक्टर आले. ते खऱ्या आयुष्यात विमा एजंट होते आणि समोर आलेली कुठलीही गोष्ट सोडून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"हा आवाज कसला?" त्यांनी विचारलं. हे वाक्य नाटकात नव्हतं.

"त्यांचा... त्यांचा जीव तळमळतोय हो," ड्रिलच्या बाई म्हणाल्या. हेही नव्हतं.

प्रेक्षकांत खसखस पिकली. इन्स्पेक्टरांनी खाली वाकून कोट उचकटला. "मयताच्या बाहीतून एक नळी गेलेली दिसते," त्यांनी जाहीर केलं.

"कनेक्शन असेल पाण्याचं," मागून कुणीतरी ओरडलं. "मीटरवालेच ना ते."

कोचावर मीटरवाल्यांचे कान गरम झाले. डोळे मिटलेले, ओठ घट्ट, आणि आत पोट हळूच जागं होतंय असं त्यांना वाटायला लागलं. आता इथून उठलो तर संपलंच सगळं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर मेलेलं राहीन पण उठणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

पुढचा प्रवेश नाटकातल्या डॉक्टरांचा. ते होते औषधांच्या दुकानाचे मालक. त्यांना एकच काम होतं. मनगट हातात घ्यायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "फार उशीर झाला." त्यांनी डावं मनगट हातात घेतलं तेव्हा पट्टा पुरता फुगला होता आणि हातातलं रक्त तेवढ्यापुरतं थांबलं होतं. दुकानदार माणूस सवयीनं खरीखुरी नाडी बघायला गेला आणि ती खरोखरच लागेना.

"अहो," तो खाली वाकून कुजबुजला, "अहो मीटरवाले."

मयतानं बोलायचं नसतं. मीटरवाले बोलले नाहीत. औषधवाल्यानं मनगट आणखी घट्ट धरलं. मग मशीननं हवा सोडली.

"आली," औषधवाला मोठ्यानं म्हणाला. "आली, आली."

"काय आली?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"नाडी." मग प्रेक्षकांचा गलका ऐकून त्याला आपण कुठं आहोत ते आठवलं. "म्हणजे... गेली. होती ती पण गेली. फार उशीर झाला."

इन्स्पेक्टर त्याच्याकडे असे रोखून बघायला लागले की औषधवाला दोन पावलं मागे सरकला. प्रेक्षक हसून हसून वाकले होते. पहिल्या रांगेत एकटी मीटरवाल्यांची बायको हसत नव्हती. आकडा आला का, एवढंच तिला कळायला हवं होतं. विंगेतून दिग्दर्शकांचा दबलेला आवाज आला, "झाका त्याला. अहो झाका आधी." कुणीतरी टेबलावरची मोठी चादर ओढली आणि मीटरवाल्यांवर पायापासून डोक्यापर्यंत टाकली.

चादरीखाली काळोख झाला. ऊब होती. ड्रिलच्या बाई लांबच्या खुर्चीत जाऊन बसल्या होत्या आणि दंड मोकळा होता. मीटरवाल्यांनी पोटाचा कानोसा घेतला, तर पोटही गप्प. कुणी काही विचारत नव्हतं, कुणाला त्यांच्याकडून काही नको होतं. गेल्या दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. इन्स्पेक्टरांचा आवाज लांब लांब जायला लागला आणि पहिला अंक संपायच्या आत मीटरवाले गाढ झोपले.

खरं म्हणजे दुसऱ्या अंकात मयत उचलून नेलेलं दाखवायचं होतं. पण नळीचं काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं, तोवर पुरावा हलवता येत नाही, असं इन्स्पेक्टरांनी मध्यंतरात दिग्दर्शकांना ठणकावून सांगितलं. मयताला उठवायला गेलेला माणूस परत येऊन म्हणाला, "ते उठत नाहीयेत. चांगले झोपलेत." दिग्दर्शकांनी डोक्याला हात लावला. त्यांच्या नाटकात खुनी मयताचा धाकटा भाऊ होता, पण आता नळीमुळे तो कुणालाच पटला नसता. शेवटी तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टरांनी औषधवाल्यालाच धरलं. मेलेल्या माणसाला नाडी आली म्हणणारा डॉक्टर, दुसरं कोण असणार. औषधवाला "अहो, माझं नाव नाहीये यात, विचारा त्यांना" असं विंगेकडे हात करून कळवळून सांगत होता आणि तो अभिनय लोकांना फार आवडला.

टाळ्यांच्या कडकडाटानं मीटरवाल्यांना जाग आली. आपण कुठं आहोत हे कळायच्या आधी पोटाचं बोलावणं कळलं. ते ताडकन उठले, चादर अंगावर तशीच, आणि रंगमंच ओलांडून, इन्स्पेक्टर आणि त्यांच्या आरोपीच्या मधून वाट काढत सुसाट आत गेले. सगळं नाट्यगृह उभं राहिलं आणि पडदा पडून किती तरी वेळ झाला तरी टाळ्या थांबेनात.

आत संडासात बसून मीटरवाल्यांनी त्या टाळ्या ऐकल्या. आपलं संपलं, असं त्यांना वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. दारावर टकटक झाली.

"मीटरवाले." दिग्दर्शक होते.

"हं."

"उठलात तुम्ही."

"उठलो. चुकलं माझं."

बाहेर टाळ्या अजून चालूच होत्या.

"पुढच्या प्रयोगालाही तिथंच उठा," दिग्दर्शक म्हणाले. "आणि ते घुरघुरणारं जे काय आहे, तेही घेऊन या."

रिपोर्ट बघायला दोघं नवरा-बायको गेली. डॉक्टरबाईंनी कागद टेबलावर पसरला. मीटरवाले आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे वाचत आले होते. स्वतःचे आकडे वाचायला ते खुर्ची पुढे ओढून वाकले.

"रात्रीची ही रेघ बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जवळजवळ सपाट. मला वाटलं होतं तसंच, झोपेत तुमचं बीपी उतरत नाही. पण मला समजत नाहीये ते हे." त्यांनी पेन संध्याकाळवर टेकवलं. "इथं आधी बरंच वर गेलंय आणि मग दीड-दोन तास इतकं छान खाली आलंय की विचारू नका. रात्री असंच पाहिजे. तुम्ही तेव्हा काय करत होतात?"

"मेलो होतो," मीटरवाले म्हणाले.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मीटरवाल्यांनी मग नाटक, मयतानं बोलायचं नाही ही दिग्दर्शकांची अट, कोच, चादर सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बायकोचा चेहरा बदलत गेला.

"मग घरी मरायला काय होतं तुम्हाला?" ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरी रात्री झोप लागत नाही का?"

"लागते की," मीटरवाले घाईनं म्हणाले आणि कागदाकडे बघत राहिले.

"मी विचारते," बायको हळू आवाजात म्हणाली. "झोपलात का म्हणून. पोटात दुखतंय का, जायचंय का, दिवा लावू का. जाग येईल तेव्हा विचारते."

"आणि तुम्हाला जाग कधी येते?"

"मी झोपतेच कुठं," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्या म्हणाल्या, "हे बघा, सगळा दोष तुमच्या विचारण्याचा नाही. या आजारात असं होऊ शकतं, म्हणूनच आपण बघितलं. पण आधी दोघंही महिनाभर नीट झोपा. मग मशीन परत लावू आणि गोळ्यांचं तेव्हा ठरवू." मीटरवाल्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मात्र नाटक ठेवू नका."

त्या रात्री बायकोनं संडासातला दिवा आधीच लावून ठेवला, वाटेतलं स्टूल बाजूला केलं आणि एक शब्द न बोलता भिंतीकडे तोंड करून चादर डोक्यावरून ओढून घेतली. मीटरवाले छताकडे बघत पडले. घड्याळाची टिकटिक ऐकली, पोटाचा कानोसा घेतला. पोट गप्प होतं. ते तिच्या प्रश्नाची वाट बघत राहिले आणि प्रश्न काही येईना. गेली दोन वर्षं ज्या प्रश्नानं जीव नकोसा केला होता, त्याच्यावाचून आता त्यांचा डोळा लागेना. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"झोपलीस का?" त्यांनी विचारलं.

चादरीखाली जराशी हालचाल झाली.

"मयतानं बोलायचं नसतं," बायको म्हणाली.

मीटरवाल्यांनीही मग मुकाट्यानं आपली चादर डोक्यावरून घेतली.