काकू हिरव्या झाल्या

"सर, हे तुम्हाला तरी समजलंय का?"

हा प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या मैत्रिणींचा होता. मी फक्त तोंड पुरवलं. मधल्या सुट्टीत आमच्या टोळीने ठराव केला की भूमितीच्या सरांना भर वर्गात हे विचारायची कोणाच्यातही धमक नाही, आणि जिच्यात असेल तिला सगळ्यांनी मिळून आईस्क्रीम द्यावं. ठराव मांडला तोफेने. तोफ म्हणजे माझ्या बाकावरची शेजारीण. ती कुजबुजली तरी वरच्या मजल्यावर ऐकू जातं. मी नुकतीच आईपेक्षा उंच झाले होते, वक्तृत्वात बक्षीस घेऊन आले होते, आणि आपलं कोणी काही वाकडं करू शकत नाही अशी माझी पक्की खात्री होती. मी हात वर केला.

सर तेव्हा सांगत होते की समांतर रेषा एकमेकींना कधीच भेटत नाहीत.

मला वाटलं, आता खडू येणार. सरांचा नेम प्रसिद्ध होता. पण सर थांबले. त्यांनी छताकडे पाहिलं, खडूने स्वतःचाच कान खाजवला आणि म्हणाले, "खरं सांगू? पाठ आहे मला. समजलंय का... थांब हं. कधीच नाही म्हणजे कुठवर जाऊन बघितलंय कोणी?"

"सर, रुळांचं काय?" तोफ धडाडली. "लांब बघितलं की भेटलेले दिसतात!"

"दिसणं वेगळं, भेटणं वेगळं."

"मग फळ्यावर भेटत नाहीत, तेही नुसतं दिसतंच ना?"

"खाली बस," सर म्हणाले. "नाही, नको, उभीच राहा. परत बोल."

त्यानंतर जे झालं त्याला तास म्हणत नाहीत. फळ्यावरच्या रेषा भिंतीवर गेल्या, भिंतीवरून दारापर्यंत पोहोचल्या. घंटा झाली, कोणी उठलं नाही. सगळ्यांच्या कपाळाला आठ्या, अर्ध्यांची तोंडं उघडी, कोणी नखं खातंय, आणि माझी जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर. विचार करताना ती येते. जन्मापासून येते.

आणि फळ्याच्या वर काकू लालभडक झाल्या.

काकूंची ओळख करून देणं आवश्यक आहे. त्यांचं सरकारी नाव 'अवधान-मापन प्रणाली'. ताटलीएवढा काचेचा डोळा, फळ्याच्या बरोबर वर बसवलेला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आमचे चेहरे वाचून कोणाचं लक्ष आहे आणि कोणाचं नाही याची नोंद घेणे, ही त्यांची कामगिरी. लक्ष असलं की त्या हिरव्या, उडालं की पिवळ्या, पार गेलं की लाल. खिडकीत बसून अख्ख्या गल्लीच्या चेहऱ्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्या बाईला जे म्हणतात, तेच आम्ही त्यांना म्हणू लागलो.

लक्ष देणारा माणूस दिसतो कसा, हे काकूंना कोणी शिकवलं? त्या बसवायला आलेल्या तंत्रज्ञानेच ते कौतुकाने सांगितलं होतं. कंपनीने त्यांना मोठ्या माणसांच्या बैठकांची हजारो तासांची चित्रफीत दाखवली होती. बैठकीला बसलेली माणसं लक्ष देत असतात, असं त्या बिचारीला सांगण्यात आलं होतं. त्यामुळे सौम्य नजर, अर्धवट स्मित आणि ठरावीक अंतराने डोलणारी मान म्हणजे लक्ष, हे काकूंच्या मनात कायमचं बसलं. आठ्या, उघडं तोंड, छताकडे बघणं, जीभ: हा सगळा क्लेश, म्हणजे लाल.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. "नववीच्या वर्गात भूमितीच्या तासाला सामूहिक क्लेश आढळला. उगम: खिडकीकडील तिसरा बाक."

उगमाला मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून घेतलं. सर आधीच तिथे उभे होते, खडूने माखलेले हात पाठीमागे.

"तू सरांना प्रश्न विचारलास?"

"हो बाई."

"उत्तर माहीत नसताना?"

"बाई, माहीत असतं तर कशाला विचारला असता?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. "बघा. म्हणजे हेतुपुरस्सर."

"बाई, मुलं विचार करत होती हो," सर म्हणाले.

"करावा ना! कोणी नाही म्हटलंय? घरी करावा. शाळेच्या सरासरीत कशाला?"

निकाल तिथल्या तिथे लागला. माझी रवानगी मुखभाव सुधार वर्गात. सरांना ताकीद: पुन्हा एकदा लाल, तर त्यांचा फळा काढून घेण्यात येईल. फळा काढून घेणे म्हणजे शिकवण्यातून उठवून भांडारात खुर्च्या मोजायला बसवणे. बाहेर आल्यावर मी "सॉरी सर" म्हटलं. सर म्हणाले, "कशाबद्दल? एवढी मजा मला नोकरीला लागल्यापासून आली नव्हती." आणि घाईघाईने गेले. मैत्रिणींनी शब्द पाळला, आईस्क्रीम मिळालं. मी ते वितळू दिलं. पैज मी जिंकले होते आणि फळा सरांचा जाणार होता, हा हिशेब घशाखाली उतरेना.

सुधार वर्ग चित्रकलेच्या बाई घेत. "कपाळ म्हणजे कोरा कागद," त्या सांगत. "त्यावर रेघोट्या मारायच्या नाहीत. जीभ आत. भुवया सैल. आता मान... अगं, एवढी नको, होकार द्यायचाय, हातोडा नाही मारायचा!" समोर आदर्श म्हणून आमच्या वर्गातला एक मुलगा बसवलेला असे; त्याला आम्ही पुतळा म्हणतो. पुतळा सतत हिरवा. काकूंचा लाडका. त्याचं गुपित फक्त मला ठाऊक होतं, कारण त्याच्या कानाशी माझी कंपासपेटी दाणकन पडली तरी त्याची पापणी हलली नव्हती. पुतळा उघड्या डोळ्यांनी झोपतो. मान डोलते ती श्वासाबरोबर.

इथे एक तांत्रिक बाब समजून घ्यावी लागेल. काकू शिकत राहत. दर आठवड्याला त्या वर्गातले सर्वांत हिरवे चेहरे निवडत आणि पुढच्या आठवड्यासाठी तेच माप धरत. आम्ही पुतळ्याची नक्कल केली. काकूंनी आमची नक्कल पाहून लक्ष म्हणजे काय याची समज सुधारून घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांना आणखी थोडा जास्त पुतळा हवा झाला. आम्ही तोही पुरवला. पापण्या जड झाल्या, नजरा निवल्या, आणि अखेर असा दिवस उजाडला की झोपेत कूस बदलायला गेलेल्या खुद्द पुतळ्यालाच "अतिचंचल" म्हणून पिवळी नोंद मिळाली.

सरही शिकत होते. नवा सिद्धांत काढला की काकू पिवळ्या पडत. व्याख्या लिहून द्यायला लागले की हिरवटपणा परत येई. आवाज खाली आणला की आणखी हिरव्या. फळा वाचवायचा तर चढ सोडून उतारानेच जायला हवं, हे त्यांनी ओळखलं. उतरत उतरत ते पाढ्यांपाशी येऊन टेकले. नववीच्या वर्गात, भूमितीच्या तासाला, अंगाईच्या सुरात: बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे बारा. काकू पाचूसारख्या चमकत. सरांना 'हरित शिक्षक' असा बिल्ला मिळाला. तो लावलेले सर मला बघवत नसत. त्यांनी खडूने कान खाजवणं सोडून दिलं होतं.

घरी काही वेगळं नव्हतं. बाबांच्या ऑफिसातल्या बैठकीच्या खोलीत काकूंची थोरली बहीण बसली होती. आई फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते; तिथलं यंत्र आवाजातलं हसू मोजतं. दोघंही कामात पुढे गेली होती.

"अहो, नळ गळतोय," आई मधाळ आवाजात म्हणायची.

बाबा सौम्य नजरेने मान डोलवायचे.

"नळ गळतोय म्हणते मी."

मान डोलायची.

"आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत," आई म्हणायची. नळ गळत राहायचा.

एकदा मी चाचणीच घेतली. "बाबा, मी आज शाळेला आग लावली."

"छान," बाबा मान डोलवत म्हणाले. "असंच चालू ठेव."

"आई, ऐकलंस का?"

"तुझी अडचण मी पूर्णपणे समजू शकते, बाळा."

अशात सर्वांत हिरवी शाळा म्हणून आमची शाळा निवडली गेली आणि तपासणी अधिकारी आमच्या वर्गात येऊन बसले. मागच्या बाकावर, पोट सांभाळत. सरांनी बिल्ला सरळ केला आणि पाढा सुरू केला. वर्ग डोलू लागला. साहेबही डोलू लागले. बैठकांचा त्यांना दांडगा अनुभव असावा, कारण काकू पूर्वी कधी नव्हत्या इतक्या हिरव्या झाल्या.

"बे साते सोळा," सर म्हणाले.

आम्ही मान डोलावली. मुख्याध्यापिका बाईंनी डोलावली. साहेबांनी डोलावली. सरांनी स्वतःही.

मला काहीतरी टोचलं. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कोणीच थांबलं नव्हतं. सर पुढे "बे आठे" म्हणायला तोंड उघडत होते. या खेपेला कोणी पैज लावली नव्हती आणि आईस्क्रीमही नव्हतं. उलट, उठले तर सरांचा फळा जाणार हे मला पुरतं माहीत होतं. पण फळ्यासमोर जे उभे होते ते सर उरलेच नव्हते, मग फळा वाचवायचा कोणासाठी? मी उभी राहिले.

"सर, हे तुम्हाला तरी समजलंय का?"

सर थांबले. हळूहळू त्यांची नजर छताकडे गेली. खडू कानाकडे गेला.

"चौदा," ते पुटपुटले. मग मोठ्याने, "चौदा की! आणि तुम्ही सगळे माना काय डोलावताय?"

"तुम्ही म्हणालात म्हणून, सर!" तोफ बऱ्याच महिन्यांनी धडाडली.

"मी म्हणालो म्हणून? मग समांतर रेषांचंही मी म्हणालो म्हणूनच मानलंत का रे? चला, पुस्तकं मिटा. रूळ कुठे सोडले होते आपण?"

वर्गात एकदम चाळीस कपाळांना आठ्या पडल्या. गोंगाट एवढा झाला की पुतळा जागा झाला आणि म्हणाला, "काय चाललंय?" हा त्याचा शालेय जीवनातला पहिला प्रश्न.

काकू मात्र लाल झाल्या नाहीत. एवढ्या दिवसांत विचार करणारा चेहरा कसा असतो हे त्या साफ विसरल्या होत्या. त्यांनी आपल्या साठ्यातलं सर्वांत जवळचं जुळणारं काढलं आणि भोंगा वाजवला: सामूहिक पोटदुखी. शाळेची नर्स स्ट्रेचर घेऊन धावत आली.

"कोणाचं दुखतंय? कोणाचं?"

"सगळ्यांचं," सर फळ्यावरून मान न वळवता म्हणाले. "दुखू द्या."

साहेबांचा शेरा संक्षिप्त होता. "वर्गात विचार आढळून आला. संसर्गजन्य." फळा सरांकडून काढून घेण्यात आला. ज्यांचे चेहरे सुधारण्यापलीकडे गेले आहेत, त्यांच्यासाठी भांडाराच्या खोलीत, मोडक्या बाकांवर, स्वतंत्र लाल तुकडी उघडण्यात आली. तिथे काकू बसवायच्या नाहीत, कारण त्यांनी मोजलं तर शाळेची सरासरी पडेल. तिथे शिकवायला एकही शिक्षक तयार होईना. मग शिक्षा म्हणून कोणाला धाडायचं, तर भांडारात खुर्च्या मोजत बसलेले एकजण होतेच. आणि भांडारात, खुर्च्यांच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलेला एक जुना फळा आहे. मी जाऊन बघून आले. तडा गेलाय, पण रेषा मारता येतात.

मला मुभा होती. माफी मागितली आणि सुधार वर्ग पुन्हा केला, तर हिरव्या तुकडीत जागा आणि वर हरित प्रमाणपत्र. लाल तुकडीसाठी पालकांचा होकार लागत होता. तोफेने घरी भांडून तो मिळवला. पुतळासुद्धा येतोय. म्हणतो, तिथे निदान डोळे मिटून झोपता येईल.

संध्याकाळी मी आईबाबांसमोर उभी राहिले. "मी लाल तुकडीत जाणार," मी सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या. झाला होकार! नियमाप्रमाणे मी तिथेच थांबायला हरकत नव्हती. पण असला होकार मला नको होता.

तुम्हाला माझ्या आईबाबांचं हसू येत असेल. येऊ दे. पण मघाशी, बिल्ला मिळायच्या आधी, सर वर्गात "बे पंचे बारा" म्हणाले होते. मी लिहिलंय ते वर, ढळढळीत. तुम्ही थांबला होतात का? की सौम्य नजरेने पुढे सरकलात?

मी बाबांच्या हातातला फोन काढून घेतला, आईला माझ्याकडे वळवलं आणि तोफेलाही लाजवेल अशा आवाजात म्हणाले, "मी काकूंच्या वर्गात परत बसणार नाही. भांडारात बसणार, सरांकडून शिकणार, आणि जीभ बाहेर काढून विचार करणार. आता मान नका डोलावू. काहीतरी विचारा मला!"