दीड बाराची पावडर

सन १९९६च्या मार्च महिन्यात, सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या गेटवर, सकाळी साडेनऊ वाजता, गनमॅन धुडकू सोनवणे याने बंदुकीच्या पावडरचा डबा कानाशी धरून हलवला आणि आत दीड बाराचा माल उरल्याचे जाहीर केले. दीड बार म्हणजे बंदूक एकदा नीट वाजेल आणि दुसऱ्यांदा नुसती खोकेल.

बंदूक धुडकूच्या आजोबांची. गावाकडे रानडुकरांसाठी घेतलेली, ठासणीची. नळीत पावडर ओतायची, वर चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचे, ठिणगीची टोपी बसवायची आणि तोवर चोराने थांबायचे. पण परवाना पक्का होता. आणि बंदूक नसलेला वॉचमन गेट उघडतो, बंदूक असलेला वॉचमन खुर्चीवर बसतो, हा फरक सुरतेत कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. शिवाय प्लेगच्या साली सगळे पळाले तेव्हा धुडकू गेटवरच राहिला होता. बंदूक घेऊन त्याला गाडीत कोणी चढू दिले नाही, हे खरे कारण त्याने मालकाला कळवले नाही. मालक जेकिशनशेठ यांनी या निष्ठेबद्दल त्याला कंपाउंडात एक खोली दिली. खोलीत नळ होता.

हा नळ नीट लक्षात ठेवावा. धुडकूची बायको भागीरथी हिने नवागामच्या चाळीत अकरा वर्षे रांगेत हंडे लावले होते आणि त्यापायी चार बायकांशी कायमचे वैर घेतले होते. आता ती घरात बसल्या बसल्या तोटी फिरवायची. बंदूक गेली की खुर्ची जाणार, खुर्ची गेली की खोली, आणि खोली गेली की पुन्हा ती रांग आणि त्याच चार बायका.

धुडकू पावडर आणायला शहरात गेला. दुकानदाराने हात जोडले. गरुडछाप पावडरचा कारखानाच बंद पडला होता आणि परवानेवाले तर गरुडछापखेरीज दुसरे काही नळीत घालायला तयार नव्हते. जो काही थोडा साठा होता तो घ्यायचा तर जुनी पावडर संपल्याचा दाखला हवा होता. दाखल्यासाठी बार कुठे, कधी आणि कोणावर उडवला याचा पंचनामा लागे. आणि पंचनाम्यावर, ज्याच्यावर बार उडवला त्याची सही किंवा अंगठा.

"म्हणजे कोणीच पावडर नेत नाही?" धुडकूने विचारले.

"नेत नाही म्हणून तर शिल्लक आहे," दुकानदार म्हणाला. "आणि मिळत नाही म्हणून मागणी आहे."

ही बातमी संध्याकाळपर्यंत नवागामात पोचली आणि तिथून पुढे कोणाच्या हातात राहिली नाही. ज्यांच्याकडे बंदुका होत्या त्यांनी पावडर लपवली. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी ती विकत घ्यायला सुरुवात केली. लूमवर काम करणाऱ्या आनंदाच्या मुलीच्या लग्नात वरपक्षाने घड्याळ, सायकल आणि छटाकभर गरुडछाप मागितली. नवरदेवाकडे बंदूक होती का? नव्हती. पण पुढेमागे आली तर ऐन वेळी धावाधाव नको. डबा उघडून पाहायची मात्र पद्धत नव्हती. उघडला की हवा लागते, हवा लागली की भाव उतरतो, असे जाणकारांचे मत होते. हे जाणकार कालपर्यंत साड्यांच्या गाठी उचलत होते.

जेकिशनशेठना व्यापार कळत होता. त्यांनी आनंदाच्या व्याह्याच्या चुलत्याकडून एक अख्खा डबा मिळवला, धुडकूचा दीड बार, झाकण जेमतेम किलकिले करून, त्यातच ओतायला लावला आणि डबा लाखेने सील करून ऑफिसातल्या तिजोरीत ठेवला. किल्ली स्वतःच्या करगोट्याला. तिजोरीवर लक्ष ठेवायला दत्तू नावाचा एक काठीवाला नेमला. म्हणजे बंदूक गेटवर, पावडर तिजोरीत, किल्ली शेठजवळ, आणि शेठ बहुतेक वेळ सुरतेत. दसऱ्याला यंत्रांच्या आधी डब्याला हार पडला.

"ती कायी भुकटी शे का देव शे?" भागीरथीने आपल्या अहिराणीत विचारले.

"देव बरा," धुडकू म्हणाला. "देवना दर्शन तरी व्हस."

दिवाळीनंतर एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तीन माणसे टेम्पो घेऊन आली आणि गोदामातून कापडाचे ताके भरू लागली. धुडकूने खुर्ची सोडली नाही, कारण गनमॅनने जागा सोडू नये असा नियम आहे. त्याने बंदूक रोखली. चोर थबकले. एकाने विचारले, "भरेली छे?"

धुडकूला खोटे बोलता येत नसे. "पावडर तिजोरीत आहे," तो म्हणाला. "शेठ आले की भरतो."

"तो पछी अमे जलदी करीए," चोर समजूतदारपणे म्हणाला.

दत्तू काठी घेऊन तिजोरीजवळून हलला नाही. त्याची नेमणूक ताक्यांवर नव्हती. टेम्पो गेल्यावर धुडकूने शेठना फोन लावला.

"केटला गया?"

"चाळीस ताके, शेठ."

"अने पावडर?"

"आहे तशी आहे."

"हाश!" शेठ म्हणाले. कापडाचा विमा होता, पावडरचा नव्हता. संध्याकाळी सगळ्या कामगारांसमोर धुडकूच्या खांद्यावर शाल पडली. प्रसंग बाका असूनही त्याने एक कणही वाया घालवला नाही, असे शेठ भाषणात म्हणाले. भागीरथी शाल घडी करताना मनापासून हसली. नळ शाबूत होता.

आणि मग परवान्याच्या नूतनीकरणाची नोटीस आली.

तपासणी अधिकारी फाइल घेऊन आले. बंदूक चालू स्थितीत असल्याची खात्री प्रत्यक्ष बार उडवून करावी, असे नमुन्यात छापले होते. आजवर कोणी तसे केले नव्हते, पण वरून नवे साहेब आले होते.

"काका, एक फोडके दिखाओ," अधिकारी म्हणाले.

शेठनी मध्ये पडून पाहिले. पावडर जाळण्यापेक्षा तिचा मान राखावा, पंचनाम्याला कोणाचा अंगठा आणणार, वगैरे. अधिकारी ऐकेनात. नियम म्हणजे नियम. शेवटी जड हाताने तिजोरी उघडली गेली. दारात कामगारांची गर्दी जमली. कित्येकांनी गरुडछाप पहिल्यांदाच पाहिली आणि दोघांनी हात जोडले.

धुडकूने डब्याचे सील तोडले आणि चिमूटभर पावडर तळहातावर घेतली. हात घामाने ओला होता. पावडर विरघळली. बोटांमधून काळाभोर ओघळ निघाला आणि मनगटापर्यंत गेला.

रंगखात्याचे मास्तर बाबुराव पुढे आले. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला, वास घेतला.

"हा आपला काळा," ते म्हणाले. आवाजात अभिमान लपत नव्हता. "आपल्याच खात्यातला. उत्तम माल. धुतला तरी जात नाही."

गर्दी घाईघाईने पांगली. प्रत्येकाला घरी जाऊन आपापला डबा पाहायचा होता. नाही, चुकलो. प्रत्येकाला घरी जाऊन आपला डबा कोणी उघडत तर नाही ना, एवढेच पाहायचे होते.

अधिकारी फाइल उघडून बसले आणि विचारात पडले. इथे रंग निघाला असे लिहिले तर जिल्ह्यातल्या सगळ्या बंदुका तपासाव्या लागतील. त्या बंदुकांच्या मागच्या सहा वर्षांच्या दाखल्यांवर 'बार उडाला, आवाज ऐकला' याखाली सही त्यांचीच होती.

"आवाज तो चाहिए," ते पडेल आवाजात म्हणाले. "बिना आवाज मैं कैसे लिखूँ?"

धुडकू मान खाली घालून उभा होता. त्याला ती रांग दिसत होती. समोर, कंपाउंडातल्या आपल्या खोलीच्या दारात भागीरथी उभी होती. तिलाही तीच रांग दिसत होती, शिवाय त्या चार बायकाही. ती आत गेली, नळाखालचा भरलेला पितळी हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि ओट्यावरून खाली फरशीवर सोडून दिला.

दण्णकन आवाज झाला. छपरावरची कबुतरे उडाली. दत्तू तिजोरीमागे आडवा पडला.

"सुन लिया!" अधिकारी म्हणाले आणि सही केली. बंदूक चालू स्थितीत, आवाज समाधानकारक. शेठनी डब्याला लाख लावून नवे सील ठोकले आणि डबा पुन्हा तिजोरीत गेला.

"हंडा गया," धुडकू रात्री जेवताना हळहळला.

"हंडा बाजारमा भेटस," भागीरथी म्हणाली. "नळ नही भेटस."

प्रत्यक्ष चाचणी उत्तीर्ण झालेली जिल्ह्यातली ही एकमेव बंदूक. तिची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. महिनाभरात शहरातल्या एका सहकारी बँकेने धुडकूला जास्त पगारावर उचलले. शेठनी भल्या भावात डबाही बँकेला दिला आणि तो लॉकरमध्ये, ग्राहकांच्या दागिन्यांशेजारी, जमा झाला. बँकेने राहायला दिलेल्या घरात दोन नळ आहेत.

तुमची मुदत ठेव त्याच बँकेत आहे. परवा तुम्ही पासबुक भरायला गेला होता तेव्हा दाराशी बसलेल्या गनमॅनची बंदूक पाहून मनात म्हणालात, चला, पैसा सुरक्षित आहे. त्याने तुम्हाला सलामही केला. तळहात मनगटापर्यंत काळा होता. तुम्ही मान हलवलीत आणि आत गेलात.