अकरावा रकाना

वार्ताहर अंघोळीला आत गेला आणि न्हाणीघराची कडी जाम झाली. फोन बाहेर, टॉवेल आत, बायको कामावर आणि घरात फक्त सासूबाई. त्यांनी बाहेरून ढकलून पाहिलं, दार ढिम्म. त्यात आज बारापर्यंत उत्तर द्यायचं होतं, साप्ताहिक सोडून मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात बसणार की नाही. सासूबाईंचा तसा हट्टच होता.

दहाला फोन वाजला. पत्रकारांच्या सुरक्षेसाठी झटणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिबिराला तो जाऊन आला होता. तेव्हापासून रोज दहाच्या ठोक्याला आठवण वाजली की फोनवरचं 'मी सुखरूप आहे' हे बटण दाबायचा नियम. नाही दाबलं, तर घरच्यांनी फॉर्म भरायचा.

"आई, ते हिरवं बटण दाबा!" तो आतून ओरडला.

"सुखरूप आहात का?"

"तसा... नाही."

"मग खोटं का दाबू?"

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यात कधी खोटं लिहिलं नाही आणि एक रकाना रिकामा सोडला नाही.

"अहो, आधी सुताराला बोलवा!"

"आधी फॉर्म. डांबून ठेवलंय का? हो. कोणी? पोलीस, लष्कर, सशस्त्र टोळी... जावईबापू, यात कडी नाही."

"काहीच लिहू नका!"

"'इतर' लिहिते. अंगावर कपडे? टॉवेल. अन्नपाणी? पाणी भरपूर, अन्न नाही. वकील? नाही."

अकराव्या रकान्याशी त्या जरा थबकल्या. मग तोही मुकाट्याने भरला.

साडेदहाला संघटनेचं निवेदन जगभर गेलं: पत्रकाराला उपाशी, टॉवेलवर, वकिलाविना डांबलं आहे. सव्वाअकराला राजधानीतून नगराध्यक्षांना फोन आला. एकच रस्ता त्यांनी कागदावर तीनदा बांधल्याची बातमी गेल्याच आठवड्यात याने छापली होती. नगराध्यक्षांचं धाबं दणाणलं. पावणेबाराला ते स्वतः सुतार घेऊन हजर.

"मी नाही हो डांबलं यांना!" ते दारापुढे हात जोडून म्हणाले.

"रस्ता तीनदा बांधलात का?" आतून आवाज आला. अडकला तरी वार्ताहरच तो.

"एकदाही नाही हो! आता बाहेर या ना!"

"आई, लिहून घ्या!"

"घेतलं. वेळेसकट."

सुताराने कडी तोडली. नगराध्यक्ष घाम पुसत निघून गेले. वार्ताहर बाहेर आला तेव्हा घड्याळात बाराचे ठोके पडत होते. त्याने मान खाली घातली. "आई, ते दुकानाचं..."

तेवढ्यात सासूबाईंच्या हातातला फोन वाजला. संघटनेची दुभाषी बोलत होती. ऐकता ऐकता त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "हो... हो बाई... पुन्हा नाही करणार."

"काय झालं?"

"तो अकरावा रकाना. 'लिखाण सोडावं म्हणून कोणी दबाव आणतं का?' मी आपलं खरं ते लिहिलं. 'हो. मी. बारा वर्षं.' आता दर सोमवारी फोन करून तपासणार आहेत."

वार्ताहराने टॉवेल सावरला. "मग दुकानाचं काय सांगू?"

"हळू बोला," सासूबाई कुजबुजल्या. "कुठलं दुकान?"