मूएत पॉइंटच्या शाळेची शिडीसभा

"यंदाचा वार्षिक अहवाल म्हणजे अहवाल असेल! चौदा मिनिटं, बावीस स्लाइड्स आणि चूक एकही नाही!" मुख्याध्यापिका डेल्फीन कोमो यांनी मे महिन्यातच जाहीर करून टाकलं.

जाहीर केलं म्हणजे शाळेच्या कारकूनबाई उर्सूल यांना सांगितलं. पण उर्सूलला सांगणं आणि मूएत पॉइंट गावात दवंडी पिटणं यात फरक एवढाच, की दवंडीला ढोल लागतो!

डेल्फीनबाईंना बढाई मारायची खोड नव्हती. पण यंदा मारावी अशी गोष्टच घडली होती. समुद्राकाठच्या त्या प्राथमिक शाळेत मुलं मोजून चौसष्ट. दोन वर्षांपूर्वी त्यातली निम्मी मुलं पुस्तक दिसलं की मांजर दिसलेल्या उंदरासारखी पळायची. मग शिक्षण मंडळाने कोलेत नावाची एक वाचनशिक्षिका पाठवली आणि दोघींनी मिळून गाव पिंजून काढलं. बापाला वेळ नाही? ठीक आहे! धक्क्यावर लॉबस्टरचे सापळे दुरुस्त करत बसलेल्या बापासमोर पोराला उलट्या क्रेटवर बसवून वाचायला लावलं. आजीला कमी ऐकू येतं? उत्तम! पोर आपोआप मोठ्याने वाचेल. दुसरीतली मिरेय नावाची पोरगी तर वाचनाचा तास आला की टेबलाखाली जाऊन बसायची. डेल्फीनबाई वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, गुडघ्यांचा निषेध न जुमानता, तिच्याशेजारी टेबलाखाली जाऊन बसल्या. रोज. तीन आठवडे! चौथ्या आठवड्यात मिरेय म्हणाली, "मॅडम, इथे अंधार आहे. वर बसून वाचू या का?"

तर आता चौसष्टांपैकी बावन्न मुलं घडाघडा वाचत होती. आणि नेमकं आताच मंडळाच्या मनात आलं होतं, की एवढ्याशा शाळेला पूर्णवेळ वाचनशिक्षिका कशाला? अर्धवेळ पुरे! अधीक्षिका मिसेस रॉकवेल स्वतः अहवाल ऐकायला येणार होत्या आणि त्यानंतर कोलेतचं भवितव्य ठरणार होतं. म्हणून त्या बावीस स्लाइड्स. म्हणून रोज रात्री जेवणाआधी नवऱ्यापुढे तालीम. बिचाऱ्याला तिसरीच्या गणिताचे आकडे पाठ झाले होते.

अहवालाची छोटी प्रत घरोघरी जायची होती. पहिल्या पानावर वर्षभराची प्रगती, दुसऱ्या पानावर पुढच्या वर्षाची योजना. आता उर्सूलला कागद वाया गेलेला बघवत नसे. कोरा कागद टाकून देणं म्हणजे तिच्या लेखी गाय विकून दावं जपण्याहून मोठा मूर्खपणा! कपाटात तिला दीडशे कागदांचा गठ्ठा सापडला. एक बाजू छापलेली, एक कोरी. तिने कोऱ्या बाजूवर अहवालाचं पहिलं पान छापलं, प्रती गावभर वाटल्या, एक अधीक्षिकाबाईंना टपालाने धाडली.

"आणि दुसरं पान?" डेल्फीनबाईंनी विचारलं.

"ते सभेतच हातात देऊ, बाई! कशाला दोनदा टपालखर्च?"

डेल्फीनबाई तेव्हा अठराव्या स्लाइडवरच्या रंगीत खांबांशी झुंजत होत्या. त्या "बरं" म्हणाल्या. या एका "बरं"ने पुढचं सगळं रामायण घडलं!

पहिल्या पानाची शेवटची ओळ अशी होती: "मुलांची पातळी आणखी उंचावण्यासाठी प्रत्येक कुटुंबाने बुधवारी संध्याकाळी सहा वाजता शाळेत यावे. कुटुंबांनी काय करायचे, ते पुढील पानावर." लोकांनी अर्थातच पान उलटलं. मागे ठळक अक्षरांत छापलं होतं: "घरटी एक शिडी, छपरापर्यंत पोचणारी. दोन बादल्या. रबरी बूट. सबबी चालणार नाहीत!"

सोमवारी सकाळी फोन वाजला. गावातल्या ओदेल आजी. दोन नातवंडं शाळेत.

"बाई, आमची बारा फुटी आहे. चालेल ना?"

डेल्फीनबाईंनी पालकांकडे मुलांची चित्रं लावायला लाकडी फळ्या मागितल्या होत्या. त्या खूश झाल्या. "बारा फुटी? वा! जितकी लांब तितकी बरी!"

"पण मधे तडकलीय हो जरा."

"असू दे की! वरून चित्रं लावली की कुणाला काय दिसतंय?"

मग आजी हळूच म्हणाल्या, "बरं. तुम्ही शिकलेली माणसं!" आणि फोन ठेवला.

मंगळवारी हार्डवेअरच्या दुकानात डेल्फीनबाई खिळे आणायला गेल्या, तर दुकानदार घामाघूम. "बाई, तुमच्या कृपेने एक बादली शिल्लक नाही! शिडी तर औषधालाही नाही!" बाईंना वाटलं, उन्हाळा आला, लोक घरं रंगवत असतील. पण माझी कृपा कसली? हा प्रश्न त्यांना घरी पोचल्यावर पडला, आणि बाविसाव्या स्लाइडवर एक शब्द चुकलेला दिसताच तो विसरूनही गेला.

बुधवारी साडेपाच वाजता त्या हातात लॅपटॉप घेऊन शाळेच्या वळणावर आल्या आणि जागच्या जागी खिळल्या.

शाळा दिसतच नव्हती! दिसत होत्या त्या शिड्या. लाकडी, ॲल्युमिनियमच्या, नव्या, शेवाळलेल्या. कुणी तर बोटीवरचीच उचलून आणलेली. लॉबस्टरचा हंगाम चारच दिवसांपूर्वी संपलेला, त्यामुळे गावातला एकूण एक माणूस रिकामा. रबरी बूट घातलेली सगळी जमात बादल्या घेऊन शाळेभोवती उभी, जणू शाळा बुडायला लागलीय आणि हे वाचवायला आलेत!

सर्वांत पुढे आल्सीद थिबोदो. मिरेयचे आजोबा, गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचे प्रमुख आणि डेल्फीनबाईंचे पहिलीपासूनचे वर्गबंधू.

"आल्सीद, हे काय आहे?"

"काय म्हणजे? पातळी उंचवायची ना?" आल्सीद छाती फुगवून म्हणाले. "तूच लिहिलंस! मी माझ्या माणसांना सांगितलं, डेल्फीनला वेड लागलं असेल, पण आपल्या पोरांना वाचायला तिनेच शिकवलं. ती शिडी आण म्हणाली की आणायची. कारण विचारायचं नाही!"

डेल्फीनबाई लॅपटॉप सावरत एक पाऊल पुढे आल्या. आणि त्याच क्षणी वरून त्यांच्या पायाशी कुजक्या पानांचा एक मोठा गोळा धपकन पडला.

"उतरा खाली!" त्या किंचाळल्या. "छपरावर कोण आहे?"

छपरावर अकरा जण होते! रिकामं बसवेना, शिवाय शिडी हातात, म्हणून त्यांनी आपण होऊन पन्हाळी साफ करायला घेतल्या होत्या. दोघे उडालेल्या फळ्या ठोकत होते. बायकांनी बादल्या भरून खिडक्या धुवायला काढल्या होत्या. तीन वर्षं मंडळाकडे अर्ज करून जी दुरुस्ती झाली नव्हती, ती तीस मिनिटांत उरकत आली होती.

"अहो, पण मी हे लिहिलेलंच नाही!" बाई ओरडत होत्या. पण हातोड्यांच्या ठोक्यांत ऐकतंय कोण? त्या धावत सभागृहात शिरल्या, लॅपटॉप टेबलावर उघडून ठेवला आणि उर्सूलला हाका मारायला वळल्या. खिडकीबाहेर ओदेल आजी. त्यांनी बादली उचलली, काचेवर नेम धरला आणि पाणी फेकलं.

खिडकी उघडी होती.

चौदा मिनिटं, बावीस स्लाइड्स आणि अठराव्या स्लाइडवरचे रंगीत खांब, सगळं एका दमात साबणाच्या पाण्यात! लॅपटॉपने "टिक" असा आवाज केला आणि प्राण सोडला.

"अगं बाई!" आजी खिडकीतून म्हणाल्या. "ते भिजवायचं नव्हतं का?"

डेल्फीनबाई काही बोलणार, एवढ्यात दार उघडलं. मिसेस रॉकवेल! करड्या रंगाचा सूट, मोत्यांचे डूल, खाली गुडघ्यापर्यंत पिवळे रबरी बूट आणि दोन्ही हातांत एकेक कोरी करकरीत बादली.

"माफ करा हं," त्या धापा टाकत म्हणाल्या, "शिडी काही माझ्या गाडीत बसेना. बादल्या मात्र दोन्ही आणल्यात."

सभागृहात हळूहळू गाव गोळा झालं. छपरावरचे खाली आले. सगळ्यांचे डोळे डेल्फीनबाईंवर. मिसेस रॉकवेल पुढच्या रांगेत बसल्या, बादल्या पायाशी ठेवल्या आणि नम्रपणे म्हणाल्या, "तेवीस शाळांचे अहवाल वाचले मी या महिन्यात. पण तुमची ही शिडीची कल्पना काही माझ्या डोक्यात शिरली नाही. जरा समजावून सांगाल?"

डेल्फीनबाईंनी भिजलेल्या लॅपटॉपचं बटण पुन्हा दाबून पाहिलं. कोलेत भिंतीपाशी पांढरीफटक पडून उभी. दोन वर्षांची मेहनत या बाईच्या दोन बादल्यांत बुडणार, हे स्पष्ट दिसत होतं.

"मॅडम," मधल्या रांगेतून एक बारीक आवाज आला. मिरेय खुर्चीवर उभी होती. तिच्या हातात तो कागद. "ही मागची बाजू आपली नाहीच आहे."

"खाली बस गं," आल्सीद आजोबा पुटपुटले.

"नाही आजोबा, खाली लिहिलंय ना!" आणि मिरेयने बोट ठेवून, एकेक शब्द सावकाश, पण कुठेही न अडखळता वाचलं. "'चिमणीला आग लागल्यास उपयोगी पडणाऱ्या घरोघरच्या शिड्यांची व बादल्यांची तपासणी. ठिकाण, अग्निशमन केंद्र. वादळामुळे रद्द झाल्यास पुन्हा कळवू. ऑक्टोबर.' आणि त्याच्या खाली," तिने मान वर केली, "'आपला, आल्सीद थिबोदो.' आजोबा, ही तुमचीच सूचना आहे!"

मग एकशेवीस कागद एकदम खसखसले. सगळ्यांनी पहिल्यांदाच पान खालपर्यंत वाचलं.

आल्सीदचा चेहरा उकडलेल्या लॉबस्टरसारखा लाल झाला. "तरीच!" ते म्हणाले. "वाचताना मला सारखं वाटत होतं, कुणीतरी फार शहाण्या माणसाने लिहिलंय!"

जो हशा उठला, तो किनाऱ्यावर ऐकू गेला असेल! दीडशे कागद शाळेच्याच यंत्रावर छापून, वादळ आलं म्हणून कपाटात टाकले होते; उर्सूलने ते उलटून वापरले होते. उर्सूल पदराआड तोंड लपवायला पदर शोधत होती. नसल्यामुळे तिने स्वेटरच वर ओढला.

मिसेस रॉकवेल मात्र हसत नव्हत्या. त्यांनी आपला कागद पुन्हा पुन्हा खालपर्यंत वाचला, मग मिरेयकडे पाहिलं. "बाळ, हे तू कधी वाचलंस?"

"शुक्रवारीच. घरी सांगितलं पण होतं. आजोबा म्हणाले, मोठ्यांच्या मधे बोलू नये."

"आणि गेल्या वर्षी कुठला कागद वाचला होतास?"

मिरेयने जरा विचार केला. "गेल्या वर्षी मी टेबलाखाली होते."

मिसेस रॉकवेलना काही कळलं नाही. मग डेल्फीनबाई उठल्या. स्लाइड नाही, आकड्यांचे खांब नाहीत. त्यांनी टेबलाखालचे तीन आठवडे सांगितले, धक्क्यावरचे क्रेट सांगितले, बहिऱ्या आजीला वाचून दाखवणाऱ्या नातवाचं सांगितलं. "माझी बारा मुलं अजून वाचायची आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना अर्धी शिक्षिका पुरणार नाही. पुढच्या वर्षीची योजना एवढीच आहे. ती लिहायला मला बावीस स्लाइड्स का लागल्या, देव जाणे."

चार मिनिटं झाली होती. कोलेत डोळे पुसत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "शिक्षिका अर्धी केलीत तर शिड्या आम्ही मंडळाच्या कचेरीला लावू!" आणि मिसेस रॉकवेल पहिल्यांदाच हसल्या. नंतर सगळ्यांनी मिळून किसलेल्या बटाट्यांची, कोंबडी घातलेली गरमागरम रापी खाल्ली. अधीक्षिकाबाईंनी तीनदा मागून घेतली आणि जाताना आपल्या बादल्या शाळेला भेट दिल्या.

तीन आठवड्यांनी मंडळाचं पत्र आलं. डेल्फीनबाईंनी ते उभ्या उभ्याच फोडलं. कोलेतची जागा पूर्णवेळ कायम! उर्सूलने अशी आरोळी ठोकली, की दोन वर्ग बाहेर आले. कोलेतने बाईंना मिठी मारली, बाईंनी उर्सूलला, आणि त्या गडबडीत पत्राचं दुसरं पान खाली पडलं.

बाईंनी ते उचलून वाचलं आणि खुर्चीत बसल्या.

"आपल्या शाळेचा नावीन्यपूर्ण शिडी उपक्रम," मंडळाने लिहिलं होतं, "कुटुंबसहभागाचा आदर्श म्हणून येत्या वर्षी तेवीसही शाळांत राबवण्यात येत आहे. मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षण शिबिरात प्रात्यक्षिकासह मार्गदर्शन आपण करावे, ही विनंती."

डेल्फीनबाईंनी ते पुन्हा एकदा खालपर्यंत वाचलं. ही सगळी चूक होती, असं कळवावं का? त्यांनी दाराबाहेर पाहिलं. कोलेत पटांगणात मिरेयच्या वर्गाला गोल करून बसवत होती.

त्यांनी फोन उचलला आणि नवऱ्याला विचारलं, "अहो, आपल्या गाडीच्या टपावर बारा फुटी शिडी राहील का हो?"