पंचवीस पावलांवरचा सिंह

परगावी जायचं म्हणजे लोक बॅगा भरतात. आमचा शेजारी चिटणीस तालीम घेतो.

तालीम म्हणजे नाटकाची घेतात तशी. पश्चिम जर्मनीत सातशे वर्षांचं एक जुनं गाव आहे, भोवती तटबंदी आहे, आणि तिथं नाताळचा बाजार भरतो. तो बघायला जायचा याचा बेत. त्यासाठी हा माणूस ऑक्टोबर लागला की दर रविवारी सकाळी, इथं अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या स्टेशनामागच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये ते अख्खं गाव खडूनं आखतो. वेस, वेशीतून वर जाणारा रस्ता, चौक, चर्च, विहीर. सगळं खऱ्या मापात. सुपरमार्केटच्या चार ढकलगाड्या आणून लावतो, ती दुकानं. मग कोट, कानटोपी आणि हातमोजे घालून आपण त्या गावातून चालायचं. पाऊस आला की गाव वाहून जातं. पुढच्या रविवारी हा परत आखतो.

एकदा पोलीस आला. हे काय चाललंय म्हणून त्यानं विचारलं. चिटणीसनं नकाशाचा कागद उघडून दाखवला आणि नम्रपणे सांगितलं, की साहेब, तुम्ही आत्ता चर्चमध्ये उभे आहात. पोलीस दचकून दोन पावलं मागं सरला. विहिरीत गेला, पण ते चिटणीसनं त्याला सांगितलं नाही.

माणसांवर लिहिणारे बहुतेक गोड लिहितात. मला ते जमत नाही. मी चिटणीसवर चिडलेलो आहे आणि चिडूनच लिहिणार आहे.

मी गवंडी. चौथी शिकलो आणि थापी हातात घेतली. चाळीस वर्षं साताऱ्याकडं घरं बांधली. पाच वर्षांमागं सुरेशनं, माझ्या मुलानं, आम्हा दोघांना इकडं आणलं. दोघं म्हणजे मी आणि सरू, माझी बायको. इथं भिंती लाकडाच्या. बुक्की मारली तर हात पलीकडं जाईल. अशा घरात बसून मी दिवसभर काय करायचं, हे सुरेशलाही माहीत नव्हतं.

चिटणीस शेजारच्या घरात एकटा राहतो. एका कंपनीत नकाशे काढायचं काम करतो. पन्नाशी उलटली, पण माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, म्हणून मी अरे-तुरे करतो. तो मला अण्णा म्हणतो आणि सरूला वहिनी म्हणायचा. कानावर कायम पेन्सिल. त्याच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर सुबक अक्षरात चिठ्ठी आहे. चहाच्या डब्यावर चहा, साखरेच्या डब्यावर साखर, आणि एका डब्यावर रिकामा. लग्न का केलं नाहीस, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "प्लॅन कच्चा होता, अण्णा."

हे त्याचं पालुपद. काहीही पुढं ढकलायचं असलं की प्लॅन कच्चा.

आता ही जर्मनीची भानगड कुठून आली ते सांगतो. पहिल्या नाताळात समोरच्या गोऱ्या बाईनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला. झाकणावर चित्र. बर्फ पडलेलं गाव, उतरती छपरं, चौकात दिव्यांची दुकानं, आणि एका दुकानात एक बाई मोठ्या कढईत काहीतरी भाजतेय. बिस्किटं संपली, सरूनं डबा ठेवून घेतला. तिच्या माहेरी जत्रेत तिचा बाप फुटाण्याची भट्टी लावायचा. लहानपणी ती भट्टीपुढं बसलेली. त्यामुळं ही बाई काय भाजतेय, हा प्रश्न तिच्या डोक्यात शिरला तो निघेना. मला विचारलं. मी म्हटलं, चित्रातली बाई आहे, चित्रातलं काहीतरी भाजतेय.

चिटणीसला विचारलं, तर तो लायब्ररीत गेला. आठ दिवसांनी येऊन म्हणाला, चेस्टनट. आपल्या फणसाच्या आठळ्यांसारखं लागतं म्हणे. आणि असं गाव खरंच आहे. तुम्हाला घेऊन जातो, वहिनी.

सरूचा चेहरा मी बघितला. अठ्ठेचाळीस वर्षांत मी तिला कुठं नेलं नव्हतं. अमेरिकेला आणलं तेही पोरानं.

मग सुरू झाल्या तालमी. हातमोजे घालून चहा प्यायची तालीम. घसरून पडायची तालीम, ती त्याच्या अंगणात जुनी गादी टाकून. मी पडायला साफ नकार दिला. सरू मात्र दोनदा पडली आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. एकदा तर हरवायची तालीम घेतली. मॉलमध्ये तिघांनी तीन दिशांना जायचं, आणि हरवलो असं समजून पहिल्या मजल्यावरच्या कारंज्यापाशी जमायचं. मी आणि सरू दहा मिनिटांत जमलो. चिटणीस दोन तास नाही. कारंजी दोन होती, खाली एक आणि वर एक. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. आम्ही दोघं अडाणी, पण एक जिना चढून आपल्या पहिल्या मजल्यावर गेलो. आणि हा वीस वर्षं इथं राहिलेला माणूस अमेरिकेच्या पहिल्या मजल्यावर, घड्याळ बघत. सापडला तेव्हा म्हणाला, "बघा, म्हणून तालीम हवी."

या सगळ्यापेक्षा माझं डोकं फिरायचं ते त्याच्या थांबण्यानं. खडूच्या रस्त्यावरून आम्ही निघालो की ठरावीक पावलांनी हा थांबायचा. स्वतः बनवलेलं घडीचं स्टूल उघडायचा, सरूला बसवायचा आणि मोकळ्या डांबराकडं हात करून सांगायचा, "वहिनी, इथे डाव्या हाताला एक जुनं दार आहे. त्यावर सिंह कोरलेला आहे." पुढच्या ठिकाणी घड्याळ. त्याच्या पुढं एक खिडकी, तिथून म्हणे पूर्वी एक म्हातारी पक्ष्यांना दाणे टाकायची. सरू डोळे मोठे करून ऐकायची. मी चार पावलं पुढं जाऊन, हात मागं बांधून थंडीत उभा. सिंह कुठल्या दगडाचा, असं मी मुद्दाम विचारलं तर याला सांगता येईना. म्हणाला, "ते अजून कच्चं आहे, अण्णा."

आणि एवढं करून जाणं नाहीच. पहिल्या वर्षी म्हणाला, वेशीपासून रस्ता चढाचा आहे, तो चढ धरायचा राहिला. दुसऱ्या वर्षी म्हणाला, तिकडं दिवस लवकर मावळतो, चौकापर्यंत पोचायला वेळ पुरत नाही. तिसऱ्या वर्षी कारणसुद्धा दिलं नाही. आमच्या बैठकीत बसून, चहाच्या कपाकडं बघत, प्लॅन कच्चा आहे एवढंच बोलला. मी त्याला म्हटलं, सातशे वर्षं तो तट उभा आहे, कारण बांधणारे तालमी घेत बसले नाहीत. दगडावर दगड ठेवला आणि मोकळे झाले. सरू मलाच दटावून म्हणाली, असू द्या हो, पुढच्या वर्षी जाऊ.

मार्चमध्ये सरू गेली. हृदय. हॉस्पिटलातला डॉक्टर सुरेशशी इंग्रजीत बराच वेळ बोलला. जुनं दुखणं होतं, एवढं सुरेशनं मला सांगितलं. मला कसं कळलं नाही, असं मी विचारलं.

तेव्हापासून मी चिटणीसच्या दारात गेलो नाही. तीन नाताळ होते तिच्या हातात. तीनही या माणसानं खडूनं खाल्ले. ऑक्टोबरात तो नकाशाची नवीन गुंडाळी घेऊन आमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, या वर्षी आपण दोघं..." मी दार लावून घेतलं. काचेतून बघितलं, तर पाच मिनिटं तसाच उभा. मग गेला.

त्याचं स्टूल आमच्या घरी राहिलं होतं. मागच्या रविवारी सकाळी मी ते उचललं आणि स्टेशनामागं चालत गेलो. स्टूल त्याच्या अंगावर टाकायचं आणि मनातलं सगळं बोलून यायचं, असं ठरवून गेलो.

चिटणीस एकटाच होता. गाव आखून झालेलं. ढकलगाड्या लावलेल्या. हा वेशीतून आत शिरला आणि ओठ हलवत पावलं मोजत चालला. थांबला. डावीकडं बघितलं. मिनिटभर उभा राहिला. पुन्हा चालला, पुन्हा थांबला. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं, आणि हा मोकळ्या डांबरावर कोणाचा तरी दम खाली बसायची वाट बघत उभा.

मी जाऊन स्टूल आपटलं. "आता कोणासाठी थांबतोस?"

मी त्याच्या हातातला कागद ओढून घेतला. फाडणार होतो. इतकी वर्षं त्याचा नकाशा मी कधी नीट बघितलाच नव्हता, लांबूनच चेष्टा करायचो. मला वाचायला वेळ लागतो, पण मापं चटकन कळतात, जन्म त्यात गेला. रस्त्याच्या कडेनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, वहिनी. खाली तीन आकडे. पहिल्या वर्षापुढं साठ पावलं. दुसऱ्या वर्षापुढं चाळीस. तिसऱ्यापुढं पंचवीस. आणि रस्त्यावर तेवढ्या तेवढ्या अंतरावर फुल्या. पहिल्या वर्षीच्या फुल्या थोड्या. तिसऱ्या वर्षीच्या इतक्या, की रस्ता दिसत नव्हता.

मी विचारलं, "सिंह?"

"सिंह नाहीये, अण्णा," तो म्हणाला. "घड्याळ पण नाही. वहिनींना दम लागायचा. आपल्यासाठी थांबतायत हे त्यांना आवडलं नसतं. म्हणून प्रत्येक स्टॉपला काहीतरी बघायला ठेवलं."

मला का सांगितलं नाहीस, असं मी ओरडलो. स्टेशनावर गाडीची वाट बघणारी दोन माणसं वळून बघायला लागली. तेव्हा त्यानं सांगितलं. मंगळवारी भाजी आणायला म्हणून तो सरूला गाडीतून न्यायचा ते डॉक्टरीणबाईंकडं. दुसऱ्या वर्षापासून गोळ्या चालू होत्या. त्या बिस्किटांच्या डब्यात असायच्या, सुया आणि दोऱ्याच्या खाली. मला सांगायचं नाही म्हणून तिनं त्याला शपथ घातली होती. यांना कळलं तर मला घरातच बसवतील, असं म्हणाली होती. डॉक्टरीणबाई दर वर्षी विमानाला नको म्हणायच्या, आणि तालमीला चालेल म्हणायच्या.

"मग तालीमच चांगली करू म्हटलं," चिटणीस म्हणाला.

मी डांबराकडं बघत उभा राहिलो. साठाचे चाळीस झाले, चाळिसाचे पंचवीस झाले, ते शेजारच्या माणसाला दिसलं. मला दिसलं नाही. कसं दिसणार? आमच्याकडं नवरा पुढं चालतो, बायको मागून येते. माझा बाप तसाच चालला, मी तसाच चाललो. अठ्ठेचाळीस वर्षं मी तिच्या चार पावलं पुढं होतो. मागं बघितलं नाही. चिटणीसनं बघितलं, म्हणून मी त्याच्यावर चिडलोय, आणि हा राग जायचा नाही. शपथ बिपथ मला सांगू नये. त्यानं सांगायला हवं होतं. हे मी त्याला तोंडावर बोललो आणि इथंही लिहितो. त्यानं मान खाली घातली आणि हो म्हणाला.

मग मी म्हटलं, "ती भट्टीवाली बाई कुठं बसवलीस?"

त्यानं चौकाच्या टोकाची ढकलगाडी दाखवली. तालमीत आम्ही तिथपर्यंत एकदाही पोचलो नव्हतो. दर वेळी थंडी वाढली, असं म्हणून हाच मध्येच गुंडाळायचा.

"चल," मी म्हटलं.

तो वेशीपाशी आला. मी मुद्दाम त्याच्या मागं राहिलो. पाय आपोआप पुढं पडत होते, ते आवरले.

"तुमचे साठ धरू ना, अण्णा?" त्यानं विचारलं. "तुम्हाला साठ जमतील."

"पंचवीसच ठेव."

आम्ही निघालो. पंचविसाव्या पावलाला तो थांबला. स्टूल उघडून डांबरावर ठेवलं. त्यावर कोणी बसलं नाही. तो डावीकडं हात करून थोडा घुटमळला, मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "इथे एक जुनं दार आहे. त्यावर सिंह कोरलेला आहे."

"कुठल्या दगडात?"

या माणसाला दगडातलं ओ की ठो कळत नाही.

"तांबूस, वाळूचा दगड," मी म्हटलं. "मऊ असतो. आयाळ चांगली कोरता येते. लिही."

चिटणीसनं कानावरची पेन्सिल काढली आणि लिहून घेतलं.