प्रतीक्षाच्या कादंबरीतला नाखवा

प्रतीक्षाची पहिली कादंबरी छापून आली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, मनीषने, एक प्रत कौतुकाने कंपनीच्या बसमध्ये वाचायला घेतली. बस बोईसरच्या एमआयडीसीत शिरेपर्यंत त्याचं कौतुक संपलं होतं.

कादंबरीतली नायिका संध्याकाळी खाडीकाठी अडकते. तेवढ्यात एक नाखवा होडी घेऊन येतो. गळ्यात शंखांची माळ, उजव्या भुवईवर व्रण. तो चकार शब्द न बोलता तिला पलीकडे नेतो आणि चिखलातून तिच्या चपला हातात धरून चालतो.

ती भुवई मनीषने लगेच ओळखली. दर रविवारी त्यांच्या इमारतीखाली मासळी विकायला येणाऱ्या मुरबे गावच्या मितेशची! प्रतीक्षाच्या पिशवीत तो दोन बोंबील नेहमी जास्तीचे टाकायचा, हेही मनीषला तेव्हाच आठवलं.

"हा नाखवा कोण?" घरी येताच त्याने विचारलं.

"कुणी नाही. मनातला आहे."

"मनातल्या माणसाला व्रण कसा पडला?"

प्रतीक्षा हसत सुटली. मनीषला ते हसणंही संशयास्पद वाटलं.

रविवारी तो पुस्तक घेऊनच खाली उतरला. मासळी घ्यायला आलेल्या बायकांदेखत ते पान त्याने मितेशसमोर मोठ्याने वाचलं. "बोल, कधी नेलंस तिला होडीतून?"

"होडीतून? भावजी, मला बोट लागते. पाय ठेवला की ओकतो. म्हणून तर टोपली घेऊन फिरतो मी!" मितेश म्हणाला. मग त्याने पुस्तकात डोकावलं. "पन भुवई माजीच हाय ना?"

पुढच्या रविवारी मितेश शंखांची माळ घालून आला. ओरडून मासळी विकणारा माणूस आता गप्प उभा राहून पाण्याच्या टाकीपलीकडे, जिथे समुद्र असावा तिथे, बघत होता. इमारतीतल्या बायका रांग लावून "नाखवा, पापलेट कसं दिलंत?" असं अदबीने विचारत होत्या. मनीषने घरात मासळी बंद केली.

आठवडाभर वरण खाऊन प्रतीक्षा वैतागली. "अहो, तो नाखवा तुम्ही आहात!"

"मी?"

"मनोरला हायवेवर अडकले होते मी. तुम्ही स्कूटर घेऊन न्यायला आलात. पेट्रोल संपलं, माझी चप्पल तुटली."

"रस्ताभर तुझ्यावर ओरडत होतो की मी!"

"ओरडत होतात. पण स्वतःच्या चपला मला देऊन अनवाणी स्कूटर ढकलत होतात. माझ्या लक्षात तेवढंच राहिलं, मग तेवढंच लिहिलं."

"आणि भुवई?"

"ती त्याची घेतली. तुमच्या भुवईत लिहिण्यासारखं काय आहे?"

मनीषने ते पान पुन्हा वाचलं. या वेळी नाखवा त्याला फारच आवडला. आता सलत होतं ते एवढंच, की आपला मान इमारतीखाली दुसराच कुणी घेतोय.

रविवारी चहा न घेताच तो खाली धावला. "ऐका सगळे! तो नाखवा मी आहे!"

बायका खो-खो हसल्या.

"भावजी, तुमाला तर पोहता पन येत नाय," मितेश म्हणाला.

"पोहायचं कशाला? मनोरचा हायवे होता तो! होडी म्हणजे माझी स्कूटर!"

हसणं आणखी वाढलं. मनीषने वर गॅलरीकडे बघितलं. "प्रतीक्षा, सांग यांना! खरं काय ते सांग!"

सगळ्या माना वर वळल्या. आपल्या संसारातली ती एक जपून ठेवलेली संध्याकाळ पापलेटच्या भावाबरोबर चर्चेला जाणार, या विचाराने प्रतीक्षा लाजेने लाल झाली.

"सगळं काल्पनिक आहे हो," ती घाईघाईने म्हणाली. "असा माणूस असतो का कुठे?"

हेच वाक्य ऐकण्यासाठी पंधरा दिवसांपूर्वी मनीषने वाटेल ते दिलं असतं. आज तो टोपलीशेजारी पडलेल्या चेहऱ्याने नुसता उभा राहिला.

मितेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका, भावजी," तो नाखव्याच्या धीरगंभीर आवाजात म्हणाला. "कादंबरी हाय ती."